बंद खोलींतला उपचार

मुलगा नशा करूं लागला, ही गोष्ट परतूरसारख्या तालुक्याच्या गांवीं बोलली जात नाहीं. ती झांकली जाते. घरांत चोरी झाली तर ओरड होते, आजार जडला तर शेजारीपाजारी विचारपूस करतात, कपाशीवर रोग पडला तर पारावर चर्चा होते; पण घरांतल्या मुलाच्या खिशांत गोळ्यांची रिकामी पट्टी सांपडली, तर आई ती पदराआड करते आणि केराच्या तळाशीं दडपून टाकते. या लपविण्यामागें हेतु वाईट नसतो. धाकट्या बहिणीचें लग्न व्हावयाचें असतें, वडिलांची बाजारांत पत असते, आणि गांव एवढेंच कीं सकाळीं मोंढ्यांत निघालेली गोष्ट दुपारच्या आंत स्टेशनापर्यंत पोहोंचते. परंतु या झांकाझांकींतूनच पुढें एक असा घरगुती उपचार जन्मास येतो, कीं त्यानें कित्येकदां खुद्द व्यसनापेक्षां अधिक घात होतो.

तो उपचार सर्वांच्या परिचयाचा आहे. एखादा अनुभवी चुलता किंवा मामा येतो, मुलास चार थपडा देतो, त्याचा फोन काढून घेतो, त्यास माडीवरच्या किंवा मळ्यांतल्या खोलींत घालून बाहेरून कडी लावतो आणि बजावतो, "आठ दिवस कोणीही दार उघडूं नका. ओरडेल, रडेल, डोकें आपटील. उघडलें तर सारें फुकट. नवव्या दिवशीं पहा, सोन्यासारखा होऊन बाहेर येतो कीं नाहीं!" या सल्ल्यांत प्रेम नाहीं असें कोण म्हणेल? चुलत्याची तळमळ खरी असते, आणि आईनें दाराशीं बसून काढलेल्या रात्रीही खऱ्या असतात. उणें असतें तें माहितीचें. दाराच्या आंत काय चाललें आहे, याची दाराबाहेरच्या कोणासही कल्पना नसते.

आंत काय चाललें आहे, तें मुलानें काय घेतलें होतें यावर अवलंबून असतें. आणि पहिला घोटाळा होतो तो येथेंच. वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढें नशा म्हटली कीं दारूचा गुत्ता किंवा गांजाची चिलीम उभी राहते. त्या दोहोंस वास असतो, त्यांचा अड्डा असतो, तेथें बसणारीं माणसें गांवास ठाऊक असतात. आजच्या तरुणाची नशा दिसावयास फार सभ्य झाली आहे. ती चकचकीत पट्टींत येते, तिच्यावर कारखान्याचें नांव व किंमत छापलेली असते, आणि ती कोणा डॉक्टरानें कोणा आजाऱ्यास कधींकाळीं दिलेलीही असूं शकते. परतूर हें मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचें स्टेशन. येथील मुलें महाविद्यालयासाठीं व स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठीं जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणें येथें जातात आणि भाड्याच्या खोलींत चौघे-पांचजण मिळून राहतात. संभाजीनगरच्या पोलिसांच्या बातम्यांत गेलीं कांहीं वर्षें एक शब्द वारंवार आढळतो : 'बटण'. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्यांस गल्लींतल्या पोरांनीं दिलेलें हें नांव. मोठ्या व्यापाराचा वाराही या शहरास लागला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें महसूल गुप्तचर संचालनालयानें तेथें व पैठण परिसरांत छापे घालून कोकेन, मेफेड्रोन व केटामाइन यांचा प्रचंड साठा पकडला. तथापि मध्यम स्थितींतल्या घरांतला मुलगा कोकेनपर्यंत क्वचितच पोहोंचतो. त्याच्या हातीं येतें तें बटण, खोकल्याच्या औषधाची बाटली, किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी. यांतील बहुतेक औषधें २०१४ सालापासून अशा यादींत आहेत, कीं विक्रेत्यानें रोग्याचें व डॉक्टराचें नांव स्वतंत्र वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपली पाहिजे. वही आहे, पण जी गोळी मागच्या दारानें जाते, तिची नोंद त्या वहींत होत नाहीं.

औषधाच्या वेषांत आलेली नशा घरास ओळखूं येत नाहीं, हा अनुभव महाराष्ट्रास नवा नव्हे. मुंबईच्या गिरणींत कामास जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलास अफूची 'बाळागोळी' देऊन निजवीत असत. मूल शांत पडून राही, आणि देणारीस ती गोळी औषधच वाटे. अफूचा हा घरगुती वापर बंद करण्याचें धोरण सरकारनें १९४९ सालीं ठरविलें व त्यास दहा वर्षांची मुदत घातली. बाळागोळी गेली, पण पाकिटांत आहे तें निरुपद्रवीच असावें हा भोळा विश्वास मात्र गेला नाहीं.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. झोपेच्या व तत्सम गोळ्यांचा वापर करणारांची संख्या त्यांत सुमारें १ कोटी १८ लाख दिली आहे. हुंगण्याच्या द्रव्यांच्या बाबतींत तर १० ते १७ वर्षांच्या मुलांचें प्रमाण प्रौढांच्या दुप्पट, म्हणजे १.१७ टक्के आढळलें. बाकी सर्व नशांत मोठीं माणसें पुढें. या एकींत मुलें पुढें.

आतां पुन्हां त्या बंद खोलीकडे वळलें पाहिजे. समजा, आंत कोंडलेला मुलगा वीस वर्षांचा आहे आणि सहा-आठ महिने तो रोज मूठभर बटणें घेत आला आहे. माणसाच्या मेंदूंत उत्तेजनेस आवर घालणारी एक रासायनिक व्यवस्था असते. तिला घोड्याच्या लगामाची उपमा शोभेल. गोळी हा लगाम बाहेरून खेंचते. बाहेरचा हात रोजच खेंचतो आहे असें दिसूं लागलें, कीं मेंदू आपला स्वतःचा हात सैल सोडतो. म्हणूनच पूर्वीइकी झोप यावयास पूर्वीहून अधिक गोळ्या लागूं लागतात. अशा स्थितींत कडी लागते, गोळी एका दिवसांत बंद होते, आणि लगाम दोन्ही हातांतून सुटतो. पहिल्या दिवशीं मुलगा चिडतो, घामानें भिजतो, त्याचे हात कांपतात. झोप तर नांवासही येत नाहीं. गोळी अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी असली तर एक-दोन दिवसांत, नायट्राझेपामसारखी सावकाश उतरणारी असली तर तीन-चार दिवसांनीं किंवा त्याहूनही उशिरां, त्यास फेफऱ्यासारखे झटके येऊं शकतात. एकामागून एक झटके येत राहिले तर प्राणावर बेततें. कित्येकांस भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारावयास येत आहे असें वाटतें. बाहेर बसलेलीं माणसें तें ओरडणें ऐकतात आणि एकमेकांस सांगतात, "नाटक करतो आहे. उघडूं नका."

दारूचेंही असेंच आहे. रोज मोठ्या प्रमाणांत पिणाऱ्यानें एकदम पिणें सोडलें तर पहिल्या दोन दिवसांत झटके, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कंप व भ्रम यांनीं युक्त असा गंभीर विकार होऊं शकतो. 'दारू सोडल्यानें मेला' हें गुत्त्यावरचें पालुपद पिणाऱ्यांच्या सोयीचें खरें, पण तें अगदींच निराधार नव्हे. म्हणून वैद्यकशास्त्र या दोन्ही नशा डॉक्टरच्या देखरेखीखालीं उतरवितें. गोळ्यांच्या बाबतींत तर मात्रा पायरीपायरीनें, आठवडे आणि कधीं महिने घेऊन कमी केली जाते. चुलत्याचे आठ दिवस आणि डॉक्टरचे चार महिने यांत जें अंतर आहे, तेंच पुष्कळदां जगण्यामरण्यांतलें अंतर असतें.

अफूच्या वर्गांतील नशांचा, म्हणजे ब्राउन शुगर, कोडीनयुक्त खोकल्याचें औषध, ट्रॅमाडॉल इत्यादींचा, प्रकार उलट आहे. त्यांचा उतार फार क्लेशदायक असतो. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर कांटा, जुलाब, हाडें कोणी पिळून काढतो आहे अशा वेदना. तरीही निरोगी तरुण सहसा त्या उतारानें मरत नाहीं, मात्र पोटांत पाणी राहिलें पाहिजे. त्याचा खरा धोका नवव्या दिवशीं सुरू होतो, ज्या दिवशीं घर पेढे वाटावयास निघतें. शरीरास जी संवय जडली होती ती या आठ दिवसांत बरीच ओसरलेली असते. मनाची ओढ मात्र जशीच्या तशी असते. मुलगा बाहेर पडतो, जुना सोबती भेटतो, आणि तो आपली जुनीच मात्रा घेतो. काल-परवांपर्यंत जी मात्रा त्याचें शरीर पचवीत होतें, तीच आज त्याचा श्वास थांबवूं शकते. सोबत दारू किंवा बटण असेल तर अधिकच. तुरुंगांतून किंवा उपचारकेंद्रांतून नुकत्याच सुटलेल्या माणसांत अशा मृत्यूंचें प्रमाण अधिक असतें, हें अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आलें आहे.

हुंगण्याच्या द्रव्यांबद्दल एकच गोष्ट, पण ती प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावी. पंक्चरचें सोल्यूशन, थिनर, पेट्रोल हुंगत बसलेल्या मुलावर एकदम ओरडूं नये, त्याच्या पाठीस लागून त्यास पळवूं नये. त्या वाफेनें हृदयाची गति अस्थिर झालेली असते. अचानक भीति किंवा धांवपळ यांनीं हृदय बंद पडूं शकतें, आणि हें पहिल्याच वेळीं देखील घडलेलें आहे. जवळ जाऊन शांतपणें हातांतली पिशवी घ्यावी, त्यास मोकळ्या हवेंत बसवावें. रागावणें दुसऱ्या दिवसासाठीं ठेवावें.

'एवढा शिकलेला मुलगा, त्याला कळत कसें नाहीं?' हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. कळण्याचा आणि आवरण्याचा मेंदू एकाच वयांत पक्का होत नाहीं. मौजेची ओढ पंधराव्या-सोळाव्या वर्षीं ऐन भरांत असते, आणि परिणाम तोलून पाऊल मागें घेणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. कोवळ्या वयांत नियमानें गांजा ओढणारांत पुढें बुद्धिभ्रमाचा आजार होण्याचा संभव वाढतो, तोही या कारणास लागूनच असावा असें शास्त्रज्ञ मानतात. मुलास सारें कळत असूनही तो आवरूं शकत नाहीं; आणि मारानें तर आवरण्याची शक्ति वाढल्याचें कोठें दिसलेलें नाहीं.

कोंडण्याच्या पुढची पायरी बांधण्याची. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खाजगी आश्रमास आग लागली आणि साखळ्यांनीं बांधलेले पंचविसांहून अधिक मनोरुग्ण जागच्या जागीं जळून गेले. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें साखळी बांधणें सर्वस्वीं निषिद्ध केलें आहे, आणि दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांतून उत्पन्न होणारे विकारही त्या कायद्याच्या कक्षेंत आणले आहेत. 'व्यसनमुक्ति केंद्र' अशी पाटी दिसली म्हणजे हायसें वाटणें स्वाभाविक आहे, पण पैसे भरण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावेत : येथें डॉक्टर कोण व तो केव्हां येतो? आणि घरच्यांस मुलास भेटतां येईल काय? जेथें या प्रश्नांस टोलवाटोलवीचीं उत्तरें मिळतात, तेथें घरच्याच कडीस अधिक भक्कम कुलूप घातलेलें असण्याचा संभव आहे.

डॉक्टरकडे नेलें तर पोलीस मागें लागतील, ही भीति दुसरा अडसर. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यांतील ६४-अ कलमाप्रमाणें केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेईल व तो पुरा करील, तर त्याजवर सेवनाबद्दल खटला चालत नाहीं. विकणाऱ्यास ही सवलत नाहीं. गांवांतल्या किती वकिलांनीं ही गोष्ट आईबापांस आपण होऊन सांगितली असेल?

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा वेगळा विचार प्रथम ठसठशीतपणें झाला तो पुण्यास. १९८० नंतरच्या वर्षांत ब्राउन शुगर, म्हणजे 'गर्द', मुंबई-पुण्याच्या तरुणांत शिरली. अनिल अवचट यांनीं त्या मुलांत हिंडून त्यांच्या कहाण्या लिहिल्या. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं आर्थिक पाठबळ दिलें, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं त्या रुग्णालयाच्याच आवारांत 'मुक्तांगण' उभें राहिलें. तेथील दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक, तेथें बरे झालेले रुग्णच पुढें कार्यकर्ते झाले. नव्यानें आलेल्या मुलासमोर उपदेशक बसत नाहीं, तर ज्यानें तीच रात्र काढली आहे असा माणूस बसतो. दुसरी, रुग्णांच्या बायकांसाठीं 'सहचरी' नांवाचा गट चालूं झाला. नवरा आजारी असतां बायकोनें कशास यावें, असें कित्येक घरांनीं विचारलें असेल. पण घरही आजाराबरोबर वाकडें होत जातें, तें सरळ केल्यावांचून आजारी माणूस परत जाणार कोठें, हें डॉ. अनिताबाईंनीं ओळखलें होतें. त्या १९९७ सालीं निवर्तल्या. संस्थेचें काम पुढें चालूं राहिलें.

घरानें सरळ होणें म्हणजे काय, यास प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेंत न्यू मेक्सिको विद्यापीठांतील मिलर, मेयर्स व टोनिगन यांनीं १९९९ सालीं १३० कुटुंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरांतला माणूस दारू पितो पण उपचारास मुळींच तयार नाहीं, अशींच हीं कुटुंबें. कांहीं कुटुंबांस सर्व नातलगांनीं मिळून त्यास समोर बसवून जाब विचारण्याची पद्धत शिकविली. तेथें शंभरांपैकीं ३० जण उपचारास गेले. ज्या कुटुंबांनीं त्यास त्याच्या नशिबावर सोडून आपलें मन शांत ठेवण्यावर भर दिला, तेथें १३ गेले. तिसऱ्या गटास असें शिकविलें कीं, तो शुद्धीवर असेल त्या वेळीं प्रेमानें बोलावें, जेवावयास बरोबर बसावें. नशेंत असेल तेव्हां मारही नको आणि लाडही नको, तेथून निमूट उठून जावें. नशेमुळें झालेलें नुकसान मागून निस्तरूं नये. आणि तो स्वतः कंटाळलेला दिसेल त्या घटकेस उपचाराची गोष्ट काढावी. तेथें ६४ गेले. दारूविषयींचा हा अभ्यास आहे, आणि न्यू मेक्सिको म्हणजे परतूर नव्हे. पण माणसाचें मन वळण्याची रीत दोन्हीकडे फारशी निराळी असेल असें वाटत नाहीं.

परतूरच्या घरांत या रीतीचा अर्थ अगदीं साधा होतो. मुलानें उधार केलेले पैसे बापानें गुपचूप फेडूं नयेत. पण त्याचें ताट वाढणेंही बंद करूं नये. महाविद्यालयास 'ताप आला होता' अशी खोटी चिठ्ठी आईनें देऊं नये. हातीं रोकड देऊं नये. खोलीचें भाडें थेट मालकास, शुल्क थेट संस्थेस द्यावें. 'तूं घराण्याचें नांव बुडविलेंस' हें वाक्य खरें असलें तरी त्याचा उपयोग नाहीं, त्यानें मुलगा खोलींत आणखी आंत सरकतो. 'काल रात्रीं तुझा श्वास अडकत होता, मी जागी होते, मला भीति वाटली' हें आईचें वाक्य त्यास ऐकावेंच लागतें, कारण त्यांत आरोप नाहीं. बहीण अशा वेळीं पुष्कळ कामास येते. आईबापांशीं खोटें बोलणारा मुलगा बहिणीजवळ 'सुटावेंसें वाटतें' असें एखाद्या दिवशीं बोलून जातो. तो दिवस वायां जाऊं देऊं नये.

त्या दिवशीं जावयाचें कोठें, हें मात्र आधींच ठरलेलें असावें. जालन्यास जिल्हा रुग्णालय आहे. छत्रपती संभाजीनगरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, ज्यास सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो, तेथें मानसोपचार विभाग आहे. प्रवास टळत असेल तर दूरध्वनीवरून सल्ला मिळतो : व्यसनमुक्तीसाठीं १४४४६, आणि २०२२ पासून चालूं झालेल्या 'टेलि-मानस' सेवेसाठीं १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत, आणि नांव-गांव सांगितलें नाहीं तरी चालतें. जातांना रिकाम्या पट्ट्या, बाटल्या बरोबर न्याव्यात. ज्या वस्तु आईनें केराच्या तळाशीं दडपल्या, त्यांवरूनच डॉक्टरास उपचाराची दिशा ठरवावी लागते.

आणि जर एखाद्या रात्रीं मुलगा हलवूनही जागा होत नसेल, ओठ निळे पडले असतील, घोरण्याचा चमत्कारिक आवाज येत असेल किंवा श्वास फार मंद झाला असेल, तर 'झोपूं द्या, उतरेल' असें म्हणूं नये. त्यास कुशीवर वळवावें, तोंडांतलें काढावें, मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करूं नये, आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. काय घेतलें होतें तें डॉक्टरास खरें सांगावें. शेजाऱ्यांस काय सांगावयाचें तें मागाहून ठरवितां येईल.

उपचार सुरू झाल्यावर मुलगा पुन्हां एखाद-दोनदां घसरण्याचा संभव धरूनच चालावें. मधुमेहाचा रोगी सणावारीं गोड खातो म्हणून कोणी त्याचें औषध बंद करीत नाहीं. परीक्षेचा निकाल, मित्राच्या लग्नाची वरात, कपाशीच्या पैशांनीं घर भरण्याचे दिवस, या वेळा अवघड असतात. त्या पंधरवड्यांत त्याच्या गोळ्यांची पट्टी घरांतल्या एका माणसानें आपल्यापाशीं ठेवून रोजच्या रोज मोजून द्यावी, आणि तपासणीची तारीख चुकूं देऊं नये. जालन्याच्या गाडींत त्याच्या शेजारीं कोणी तरी बसलें पाहिजे. बापाचा राग अजून गेला नसेल तर तो बाप नसलेला बरा. ज्या मामानें पूर्वीं कडी लावली होती, तोच सोबत आला तरी चालेल, फक्त वाटेंत त्यानें दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलावें.